मिरज साताऱ्यात नेऊन ठेवणाऱ्या एजंटला खुले पत्र

एजंटसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तो मी तुम्हाला लिहिणार नाही. तुमचं नावही इथे लिहीत नाही. ते पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत वडिलांच्या नावासकट आणि मोबाइल नंबरासकट लिहिलेलं आहे. हे पत्र खुलं ठेवलं आहे ते दुबई, शारजा, दोहा, मस्कत, कुवेत इथल्या खोल्यांमध्ये ड्यूटी संपवून पाठ टेकताना तुमची जाहिरात बघणाऱ्यांसाठी. ‘इंडियन पीसीसी सात दिवसांत. कुठेही हजर राहायची गरज नाही. आतून काम.’ त्या जाहिरातीवर विश्वास ठेवून माझ्या भाचीने तुम्हाला २२ हजार रुपये पाठवले. बदल्यात तुम्ही तिला एक पीडीएफ दिलीत आणि तिच्या स्वच्छ नावाला आयुष्यातला पहिला डाग लावलात.

व्यवहार काय झाला ते आधी सांगते, म्हणजे ‘मॅडमचा गैरसमज झाला’ असं म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही.

भाची मिरजेची. नर्सिंग तिथेच केलं, पहिली नोकरी तिथल्याच एका रुग्णालयात, मग दुबई. इथे रात्रपाळ्या करत तिने इंग्रजीची परीक्षा दिली, ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीचे टप्पे पार केले, मुलाखत दिली आणि तिकडच्या एका रुग्णालयातली नोकरी मिळवली. ब्रिटनचा नियम असा की आरोग्य, शिक्षण किंवा देखभालीच्या कामासाठी बाहेरून व्हिसा मागणाऱ्याने मागच्या १० वर्षांत सज्ञान झाल्यापासून ज्या ज्या देशात एकूण १२ महिने किंवा त्याहून जास्त काळ काढला, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, जोडायचा. तिला दोन दाखले हवे होते. दुबई पोलिसांचा तिने स्वतः, बसल्या जागी, फोनवरून काढला. राहिला आपल्या देशाचा.

तो काढायला ती घाबरली. का घाबरली, हे तुम्ही तिच्याकडूनच काढून घेतलंत. पहिल्या फोनवर तुम्ही अगदी मायेने विचारलंत, ‘ताई, घरी कधी पोलीस स्टेशनचं काही झालं होतं का?’ तिने भाबडेपणाने सांगितलं की काही वर्षांपूर्वी बाबांचं आणि चुलत्याचं शेताच्या बांधावरून भांडण झालं होतं, दोघेही ठाण्यात गेले होते, पुढे गावातल्या चार माणसांनी मिटवलं. दोन दिवसांनी तुमचा फोन आला: ‘ताई, तुमच्या नावावर एनसी निघते. सरळ मार्गाने गेलात तर अडकणार. मी आतून क्लिअर करून घेतो.’ तिच्या नावावर एनसी नव्हती. ठाण्यात चौकशी केली तेव्हा कळलं की त्या भांडणाच्या नोंदीत तिचं नावच नाही; असण्याचं कारणही नव्हतं, ती तेव्हा वसतिगृहात राहून शिकत होती. आणि असती, तरी एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद. ती म्हणजे शिक्षा नव्हे, आरोपपत्रही नव्हे. तुम्हाला हे पक्कं माहीत आहे. तिला माहीत नव्हतं, आणि तुमचा धंदा त्या माहीत नसण्यावरच उभा आहे.

आता तुमच्या त्या कागदाबद्दल. मी तो पहिल्यांदा पाहिला तो व्हिसा नाकारल्याचं पत्र आल्यावर. तो पासपोर्ट कार्यालयाच्या नावाने छापलेला आहे. पासपोर्ट नंबर बरोबर आहे, कारण तिने तुम्हाला पासपोर्टचा फोटो पाठवला होता. पत्त्यात लिहिलंय: तालुका मिरज, जिल्हा सातारा. सांगली जिल्ह्यातलं मिरज तुम्ही साताऱ्यात नेऊन ठेवलंत. वर राजमुद्रा आहे, पण तिच्याखालचं ‘सत्यमेव जयते’ नाही. कुठून तरी कापून चिकटवताना ते खाली राहून गेलं असावं. शिक्का आणि सही एकाच निळ्या रंगाची, एकाच जाडीची, म्हणजे दोन्ही एकदमच छापलेली. माझ्यासारखी ऑफिसात फायली लावणारी बाई हे पाच मिनिटांत ओळखते. मग ज्यांचं कामच कागद तपासणं आहे, त्यांना किती वेळ लागला असेल?

सगळ्यात मोठी चूक तर त्या कागदाच्या मथळ्यातच होती. दुबईत राहून अर्ज करणाऱ्या भारतीयाला भारताचा पीसीसी देतं ते इथलं भारतीय कॉन्सुलेट. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. पासपोर्ट, रेसिडेन्स व्हिसाची प्रत आणि फोटो घेऊन ठरल्या वेळी स्वतः सेवा केंद्रात जायचं. पासपोर्टच्या वेळची पोलीस पडताळणी नोंदीत असेल आणि पुन्हा विचारायची गरज नसेल तर काम लवकर होतं. गरज असेल तर चौकशी भारतात जाते: पासपोर्ट कार्यालयाकडून जिल्हा पोलिसांकडे, तिथून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या ठाण्यात. ठाण्यातले लोक आपली नोंदवही आणि सीसीटीएनएस ही पोलिसांची संगणकावरची गुन्हे-नोंद बघतात, खेडेगाव असेल तर पोलीस पाटलाला विचारतात, अहवाल वर पाठवतात आणि दाखला निघतो. माणूस भारतात असेल तर पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या केंद्रात स्वतः जायचं आणि फी भरायची ५०० रुपये. या सगळ्या वाटेत ‘आतून’ अशी जागा कुठेही नाही. तुम्ही २२ हजारांत जी गोष्ट विकलीत, ती तुमच्याकडे कधी नव्हतीच.

हा दाखला म्हणजे काय आहे, ते एकदा नीट ऐका. या बाईच्या विरोधात आमच्या पोलिसांकडे काही नाही, असं आपला देश दुसऱ्या देशाला लिहून देतो. ज्याने आयुष्यभर सरळ चालून पोट भरलं त्याला हा कागद मागायचा हक्क आहे, आणि तो मागायला लाजायचं किंवा घाबरायचं काही कारण नाही. तुम्ही मात्र हा हक्क भीक असल्यासारखा विकता. ज्यांच्यावर गुन्हा आहे ते तुमच्याकडे येतच असतील, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. तुमच्याकडे येणारे बहुतेक लोक भाचीसारखे, ज्यांना हा दाखला मागितल्यावर मिळालाच असता. निर्दोष माणसाला तुम्ही आधी पटवता की तू दोषी आहेस, मग त्याच्याकडून पैसे घेता, आणि शेवटी खोटा कागद त्याच्या हातात ठेवून त्याला खरोखरच दोषी करून ठेवता. चोर निदान घरातली वस्तू नेतो. तुम्ही माणसाचं नाव नेलंत.

परिणाम काय झाला तेही वाचा. ब्रिटनच्या नियमांत खोटा कागद जोडला गेला तर अर्जदाराला त्याची कल्पना नसली तरी अर्ज नाकारता येतो. आणि त्याने जाणूनबुजून फसवलं असं ठरलं, तर पुढची १० वर्षं त्याचे अर्ज त्याच कारणाने नाकारले जातात. भाचीच्या पत्रात फसवणुकीचा उल्लेख आहे. तिकडच्या रुग्णालयाने जागा दुसरीला दिली. त्यांना दोष कसा देणार? नर्सच्या कामात चांगलं चारित्र्य ही नोंदणीचीच अट असते. उद्या तिने दुसऱ्या कुठल्याही देशाचा अर्ज भरला तरी त्यात प्रश्न असेल: पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का? तिला ‘हो’ लिहावं लागेल आणि खाली कारण लिहावं लागेल. तिथे ती तुमचं नाव लिहू शकत नाही. त्या रकान्यात जागा फक्त तिच्या नावाला आहे.

ब्रिटनचंच असं नाही. कॅनडा मागच्या १० वर्षांत सलग सहा महिने जिथे राहिलात त्या देशांचे दाखले मागतो, ऑस्ट्रेलिया एकूण १२ महिन्यांचा हिशेब धरतो. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद, ऑस्ट्रेलियात साधारण तीन. आखातात राहून पुढे तिकडे जाऊ बघणारी आपली मुलं-मुली भरपूर आहेत, आणि तुमच्या जाहिरातीचा डोळा त्यांच्यावरच आहे. ज्या कुटुंबाने मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं, त्याच्याकडे पाच किंवा दहा वर्षं थांबायला जागा असते का? भाचीच्या बाबांनी त्याच बांधाच्या अलीकडची जमीन गहाण टाकून नर्सिंगची फी भरली होती.

तुम्हाला हा धंदा नवा नाही. इथली जुनी माणसं सांगतात. २०१८ साली फेब्रुवारीत संयुक्त अरब अमिरातीने कामाच्या नव्या व्हिसासाठी मायदेशाचा चारित्र्याचा दाखला सक्तीचा केला, आणि १ एप्रिलपासून भारतीयांसाठी ती अट थांबवली. अट उठल्याची बातमी गावोगाव पोचायच्या आत तुम्ही किती जणांकडून पैसे घेतलेत? २०२२ मध्ये आखाती नोकऱ्यांसाठी पीसीसीची मागणी एकदम वाढली, इतकी की परराष्ट्र मंत्रालयाने २८ सप्टेंबरपासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही अर्ज घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबरात सौदी दूतावासाने भारतीयांना ही अटच माफ केली. खेडच्या एका प्लंबरने मला सांगितलं की माफी जाहीर झाल्यानंतरसुद्धा ‘सौदीसाठी अर्जंट पीसीसी’ म्हणून तुमच्या माणसाने त्याच्याकडून रोख रक्कम घेतली. नियम बदलला की तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. गिऱ्हाइकाला मात्र तुम्ही ते सगळ्यांच्या शेवटी कळू देता. इतकी माहिती असलेला माणूस लोकांचे अर्ज भरून देऊन, फॉर्ममागे दोनशे-तीनशे रुपये घेऊन मानाने जगू शकला असता. गावोगावच्या सेवा केंद्रांत बसलेली मुलं तेच करतात, आणि लोक त्यांना दुवा देतात.

तुम्ही म्हणाल, सरकारी काम सरळ होत असतं तर आमच्याकडे कोण आलं असतं? या एका प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. पासपोर्टवर पत्ता असतो गावचा किंवा सासरचा, आणि घराला कुलूप, कारण सगळे पोटापाण्यासाठी बाहेर. पोलीस येतात, दार बंद बघतात, शेजारी सांगतात ‘ते इथे राहत नाहीत’, आणि तसा अहवाल जातो. तिकडे परदेशात बसलेल्या माणसाला महिनाभर काही कळत नाही; अर्जाची स्थिती विचारली की ‘पोलीस अहवालाची प्रतीक्षा’ एवढंच दिसतं. लग्न झालेल्या मुलींचं आणखी वेगळं: नर्सिंगच्या नोंदणीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि ठाण्यातल्या माणसाला दोन्ही एकच आहेत हे पटवायला घरी कोणी नाही. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या वडिलांना ठाण्यात बोलावून ‘चहापाण्याचं बघा’ म्हणून सांगण्यात आलं. वडिलांनी पेन्शनमधले पैसे काढून दिले, मुलाला कळवलंही नाही.

हे थांबलं पाहिजे, आणि त्यासाठी फार काही लागत नाही. अर्जात परदेशातला फोन नंबर असतो. घर बंद दिसलं तर शेरा मारण्याआधी त्या नंबरावर एक फोन करावा. चौकशी कुठल्या ठाण्यात गेली आणि कुणाकडे आहे, हे अर्जदाराला दिसावं. कॉन्सुलेटने महिन्यातून एखादा सुट्टीचा दिवस कामगार वस्तीत येऊन फक्त पीसीसीचे अर्ज घ्यावेत, कारण बारा तासांची पाळी करणारा माणूस कामाच्या दिवशी सेवा केंद्रात जाऊ शकत नाही, आणि गेला तर त्या दिवसाचा पगार जातो. हे मी कॉन्सुलेटला वेगळं लिहिलं आहे. पण या अडचणींमुळे तुम्हाला सूट मिळत नाही. वाट खडबडीत आहे म्हणून वाटसरूला खड्ड्यात ढकलायचा परवाना कुणी तुम्हाला दिला नव्हता.

कायद्याचं तुम्हाला मी सांगायला नको, तरी लिहून ठेवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ नुसार सरकारी अधिकाऱ्याने दिल्याचं भासवणारा खोटा दाखला बनवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. खोटा आहे हे माहीत असून तो खरा म्हणून वापरणाऱ्यालाही कलम ३४० त्याच मापाने मोजतं. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते: एजंटने दिलेला दाखला हातात असेल आणि शंका असेल, तर तो कुठल्याही अर्जाला जोडू नका. ज्या कार्यालयाच्या नावाने तो आहे तिथे आधी विचारा. पैसे गेले तर गेले, नाव जाऊ देऊ नका. आणि जो कोणी म्हणेल की तुम्हाला स्वतः हजर राहायची गरज नाही, त्याच्याशी तिथेच बोलणं बंद करा. पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, पासपोर्ट सेवेच्या नावाखाली दुसरं काही दिसलं तर त्यावर पासपोर्टचा नंबरही टाकू नका.

आता तुमच्याशी शेवटचं काम. भाचीला निर्णयाची फेरतपासणी मागता येते. ब्रिटनबाहेरून अर्ज केलेल्यांना त्यासाठी निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस असतात, आणि ती मुदत चालू आहे. सगळा प्रश्न एका गोष्टीवर अडला आहे: कागद खोटा आहे हे तिला माहीत होतं की नव्हतं? तिच्याकडे तुमच्या चॅटचे फोटो आहेत, पैसे पाठवल्याची बँकेची नोंद आहे, ‘क्लिअर झालं ताई, अभिनंदन’ हा तुमचा आवाजातला निरोप आहे. हे सगळं ती जोडते आहे. दरम्यान तिने खरा दाखला मिळवण्यासाठी कॉन्सुलेटकडे रीतसर अर्ज केला आहे. मी सोबत गेले होते. पण हा कागद मी बनवला, तिला तो खरा असल्याचं सांगून दिला, आणि तिला काही कल्पना नव्हती, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे.

तेवढं स्टँपपेपरवर लिहून द्या. वकिलाने मसुदा तयार करून ठेवला आहे, सांगलीत नोटरीकडे या, खर्च माझा. तुम्ही लिहून दिलंत म्हणून तक्रार मागे घेणार नाही, हेही आत्ताच सांगते. मला तुम्हाला फसवायचं नाही. २२ हजार नंतर दिलेत तरी चालतील. आधी तो कागद द्या, या आठवड्यात द्या. भाचीचा नंबर तुम्ही ब्लॉक केला आहे. तो उघडा आणि तिला वेळ कळवा.

मिरजेच्या एका नर्सची मावशी,
शारजा